सटव्याचा घास

हा नदीच्या घाटावरचा चपटा दगड बघून ठेवा. सर्वपित्रीला आमच्या पाचघर गावात स्वतःच्या वाडवडिलांच्या आधी इथे घास ठेवतात, सटवा पहारेकऱ्याच्या नावाने. आणि हा सटवा कधी जन्मालाच आला नव्हता. हसू नका, पुढचं ऐका.

समोरच्या गडाला परक्या फौजेचा वेढा पडला होता. वर बायकापोरं अडकलेली, धान्य संपत आलेलं. आमचा गोंदू तेली छावणीत तेल घालायचा आणि सरदाराला गडाच्या बातम्याही द्यायचा. गाव त्याच्या नावाने थुंकत असे. पण त्याला किल्लेदारानेच पेरलं होतं, हे फक्त त्याच्या घरात ठाऊक होतं. गडावर आपल्याला फितूर झालेली माणसं आहेत, असं तो सरदाराला सांगे. सगळी मनाने रचलेली. त्यातला सटवा त्याने असा रंगवला, की सरदार सटव्याच्या मुलीच्या तापाची चौकशी करी म्हणे.

मग 'सटव्याची' बातमी गेली, पश्चिमेच्या खिंडीतून कुमक येते आहे. सरदार म्हणाला, "माणूस समोर आण."

गोंदूचा धाकटा भाऊ सटवा होऊन गेला. पारख म्हणून त्याचे हाल हाल केले. त्याने शब्द फिरवला नाही, आणि त्यातच तो गेला. मरता माणूस खोटं बोलत नाही, असं म्हणून सरदाराने पूर्वेची चौकी उठवून खिंडीकडे नेली. प्रेत गोंदूला दिलं, वर क्रियाकर्माला मान राखायला शिपाई दिले.

गडावरची माणसं पूर्वेच्या वाटेने थोडी थोडी उतरू लागली. ती सगळी उतरेपर्यंत मेला तो सटवाच असायला हवा होता.

दहाव्याला कावळा शिवेना. शिपाई कुजबुजू लागले. तेव्हा गोंदूची आई कळशी घेऊन पाण्याला आल्यासारखी आली. "कुणाचं का लेकरू असंना," एवढं मोठ्याने म्हणाली, पिंडाशी वाकली आणि नुसते ओठ हलवले. कावळा शिवला. ती कळशी भरून घरी गेली, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही, असं सांगतात.

माणसं वाचली. लबाडी उघडी पडली तेव्हा गोंदू छावणीतच होता, तो परतला नाही. पुढे किल्लेदाराने गावाला खरं सांगितलं. लोक रडत म्हातारीच्या दारी गेले, धाकट्याचं नाव घेऊ लागले. ती म्हणाली, "जे नाव मला घाटावर घेता आलं न्हाई, ते आता कुनी घ्यायचं न्हाई." गावाने ते पाळलं. पिढ्या गेल्या, नाव पुसून गेलं.

आजही घास ठेवला की गावातली सगळ्यात थोरली बाई वाकून ओठ हलवते. सध्या ती माझी बहीण आहे. काय म्हणतेस, म्हणून मी तिला एकदा विचारलं.

"नाव कुठं ठाव हाय रं," ती म्हणाली. "बाळा म्हनते नुसतं."