बशीतला खरवस

दूधसंघाचे चेअरमन आबासाहेब यांच्यापुढे गावात कुणी तोंड उघडत नसे. घरात नात जन्मली तशी त्यांनी हुकूम सोडला, "आईचं पहिलं दूध खराब. तीन दिवस पिळून मोरीत टाका, पोरीला मधाचं बोट चाटवा."

भुकेनं रडून पोरीचा आवाज बसला. तेव्हा सून वसुधानं बाळंतिणींना अंगावर पाजायला शिकवणाऱ्या रेशमा सिस्टरला गुपचूप बोलावणं धाडलं.

"गाईला कोण शिकवतं हो पाजायला?" सिस्टरनं घरी येऊन कारण सांगताच आबासाहेब हसले. तरी पाहुणी म्हणून त्यांनी बशीभर खरवस पुढे केला. सिस्टर बशी घेऊन उठली आणि थेट मोरीकडे निघाली.

"अहो, टाकता काय? पहिल्या दिवसाचा चीक आहे तो. सगळी ताकद त्यातच असते."

"असं होय? मला वाटलं, पहिलं दूध खराब असतं."

आबासाहेबांचा हात मिशीवरच राहिला. आतून वसुधाचं हसू ऐकू आलं.

"सूनबाई," ते घसा खाकरत म्हणाले, "घे पोरीला पदराखाली."

सिस्टरनं आत जाऊन बाळाला नीट धरायला शिकवलं. चुटूचुटू आवाज कानावर आला, तेव्हाच तिनं खरवसाला तोंड लावलं.