ऑल्डरफोर्डच्या दाराबाहेरची हाक

पहिली खटकलेली गोष्ट अगदी लहान होती: दार कुणी धरून ठेवलं नाही. व्हर्माँटमधल्या या ऑल्डरफोर्ड गावात लांबून येणाऱ्यासाठीही माणसं दार धरून थांबतात; मग मलाच ओशाळून पळत जावं लागतं. आज मार्चमधली वार्षिक गावसभा. सगळं गाव माझ्यासमोरून सभागृहात शिरलं, आणि दार माझ्या तोंडावर लागलं. माझं काय चुकलं? इथल्या वाचनालयात नोकरीला लागून जेमतेम महिना झालाय.

"घाबरू नकोस, पोरी." मागून आवाज आला, आणि मी दचकलेच. दाराची राखण करणारे म्हातारे एल्डन टकर पायरीवर उभे होते. "गावात सगळ्यात शेवटी आलेल्याने बाहेर थांबायचं असतं. का, ते ऐक."

तेव्हा अमेरिका हा देश नवा होता, असं सांगतात. इंग्लंडचा राजा गेला होता, आता सगळं मतांनी ठरायचं, आणि गावाला त्याचा कोण अभिमान! पण कायदा असा, की बाहेरचा माणूस वर्षभर टिकला की तो गावचा. पुढे तो आजारी पडला, तर गावाने पोसायचं. म्हणून वर्ष भरायच्या आतच नवख्याला 'निघून जा' असा हुकूम बजावत.

केझाया नावाची एक विणकरीण नदीकाठच्या खोपटात राहायची. पोटुशी होती, नवरा प्रवासातच वारलेला. तिला घालवायचं का, यावर सभा भरली. मतं घेताना दार उघडायचं नाही, हा नियम. केझाया बाहेर बर्फात उभी राहून हाका मारत होती, "माझ्यासाठी कुणी बोलेल का?" आत सगळ्यांना ऐकू जात होतं म्हणे. पण जो बोलेल, त्याच्याच गळ्यात ती पडणार. प्रत्येकाला वाटलं, शेजारचा बोलेल.

हुकूम मंजूर झाला. दार उघडलं, तर बर्फात उंबऱ्यापर्यंत आलेली पावलं होती. परत जाणारी नव्हती.

"मग ती गेली कुठे?"

"ते ठाऊक असतं, तर मी या थंडीत दारावर कशाला उभा राहिलो असतो?"

पुढच्या सभेत अध्यक्षांनी मतं विचारायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. कुणाही पुरुषाचा फुटेना. बाहेर सगळे बोलत. त्या छपराखाली मात्र मुके. पूल अडला, शाळा अडली. शेवटी अध्यक्षांची बायको डॉर्कस, बायका नुसत्या ऐकायला बसत त्या सभागृहाच्या माडीवरून खाली आली. बायकांना तेव्हा मत नव्हतं, सभेत बोलायची मुभा नव्हती. तिने दार सताड उघडलं आणि रिकाम्या बर्फाला म्हणाली, "मी बोलते तुझ्यासाठी. आत ये."

"आणि पुरुषांचे आवाज?"

"लगेच परत आले. पहिला तिच्या नवऱ्याचा. 'दार लाव, गारठा येतोय.'"

"पण केझाया आली का?"

"त्या दिवशी डॉर्कसने एक ताट जास्त वाढलं, आणि ते रिकामं झालं म्हणतात. माझी आजी म्हणायची, नवऱ्यानेच खाल्लं असेल."

मला हसावं की घाबरावं, कळेना. हुकूम कायद्याला धरून होता, मतं रीतसर पडली होती. मग शिक्षा कसली? आणि दिली कुणी? कॉलेजात राज्यशास्त्र शिकले, पण यातलं काही त्यात नव्हतं.

आजही ऑल्डरफोर्डची सभा बाहेरून नवख्याची हाक आल्याशिवाय सुरू होत नाही. आतून जो ओ देईल, त्याचं घर वर्षभर त्या नवख्याचं: आजारपण, सरपण, सणवार. आधी कुणाशी ठरवून ठेवायचं नाही.

"आणि कुणीच बोललं नाही तर?"

"मग सभा नाही. माझ्या लहानपणी एकदा झालं तसं. तो नवा मास्तर पाठ फिरवून गेला, तो गेलाच."

माझ्याशी तर अजून कुणी हवेपाण्यापलीकडे बोललेलं नव्हतं. मी दाराकडे तोंड केलं.

"माझ्यासाठी कुणी बोलेल का?"

"मोठ्याने, पोरी. आत म्हातारे फार."

मी ओरडले. आत बाक करकरला. कुणी खोकलं. नंतर काहीच नाही. सगळे शेजाऱ्याकडे बघताहेत, हे मला बंद दाराआडूनही दिसत होतं. पायरी उतरावी का? पुन्हा ओरडले, आवाज चिरकला.

मग आतून एका बाईचा खरखरीत, चिडका आवाज आला:

"मी बोलते! सरका बघू, दारापर्यंत जाऊ द्या मला!"