दवंडीवाल्याचं मौन

पूर्वी मधुतीर्थ नावाच्या नगरात सुतेज राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व एका दवंडीवाल्याच्या घरी जन्माला आले. कुणाला वाटेल, बोधिसत्त्वांनी जन्मावं तर राजाघरी, नाहीतर हरणाच्या कळपात. वाटू द्या. ते दवंडीवाल्याच्या घरी जन्मले आणि त्यांचं नाव पडलं भद्रक.

भद्रकाने वेशीवर तोंड उघडलं की नदीकाठच्या म्हशी माना वर करीत. राजाची आज्ञा असो की कुणाची हरवलेली गाय, गावाला त्याच्याच तोंडून कळे. वर्षातून एकदा राजाच्या पांढऱ्या हत्तीची मिरवणूक निघे. भद्रक हत्तीच्या पुढे चाले आणि ओरडे, "बाजू द्या, बाजू द्या." उभा जन्म हत्तीच्या पुढे पायी गेला. एकदा तरी वर बसून गाव बघावं, एवढीच त्याची हौस होती.

एके वर्षी पावसाच्या तोंडावर नगरात एक तपस्वी आले. ते लोकांना म्हणाले, "तुमच्या जिभेने रोज किती माणसं सोलली जातात, ते बघा. जमेल त्याने चार महिने मौन धरावं." एवढं सांगून ते पुढच्या गावी गेले. उपदेश चांगला होता. पण राजाने त्याला हत्ती बांधला आणि तिथे घोटाळा झाला. राजा म्हणाला, "कार्तिकी पौर्णिमेपर्यंत जो मौन पाळील, त्याला मी माझ्या हत्तीवर बसवून मिरवीन."

झालं, अर्धं गाव मुकं झालं. पुरोहिताचं मौन दुधात तोंड घालणाऱ्या मांजरीने मोडलं. वैद्याच्या पायावर वरवंटा पडला आणि जे तोंडातून निघालं ते तपस्व्यांनी ऐकलं नाही, हे बरं झालं. एकेक गळत शेवटी दोघेच उरले. एक गावातला सर्वांत श्रीमंत माणूस, सुदंतशेठ. दुसरा भद्रक.

दवंडी मात्र थांबत नाही. ती भद्रकाची बायको सोमा देऊ लागली. कमरेला ढोल बांधून ती गावभर फिरे आणि घरी येऊन घोगऱ्या आवाजात म्हणे, "अहो, हे बरं आहे तुमचं. मौन तुमचं आणि घसा माझा. पुण्य तुम्हाला, काढा मला." भद्रक हसे आणि चुलीवर तिच्यासाठी पाणी तापवी.

कार्तिकी पौर्णिमा उजाडली. त्या दिवशी सूर्यास्तापर्यंत सगळ्या गावाने मौन पाळावं, असं ठरलं होतं. सूर्यास्ताला शंख वाजणार आणि जिंकलेला माणूस हत्तीवर चढणार. दिवस कलताच राजा हत्ती घेऊन आला आणि माणसं ओढ्याच्या घाटावर जमली. वर डोंगरात अवेळी पाऊस झाला होता. ओढा दोन्ही काठ धरून वाहत होता आणि त्यावरचा लाकडी साकव दुपारीच वाहून गेला होता.

ओढ्यापलीकडे पुन्नक नावाचा आंधळा दोर वळून पोट भरीत असे. रोज या वेळी तो काठी टेकत साकवावरून गावात दोर विकायला येई. आजही निघाला. खांद्यावर दोरांची वेटोळी होती आणि पाऊल नेहमीसारखं निर्धास्त पडत होतं. साकव गेला, हे त्याला कोण सांगणार?

घाटावरच्या लोकांनी त्याला पाहिलं. मध्ये ओढा, म्हणून हात धरायलाही जाता येईना. मग त्यांनी हातवारे केले. आंधळ्याला हातवारे. एकाने उपरणं हलवलं. पुरोहिताने दोन्ही हात वर करून थांबण्याची खूण केली. सुदंतशेठला वाटलं, आपण जास्त शहाणे. त्याने जोरजोरात टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. पुन्नकाला वाटलं, मिरवणूक निघाली. तो भराभरा चालू लागला.

सोमाने तोंड उघडलं, पण तिचा घसा पार बसला होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. भद्रकाने समोर झूल घालून उभा असलेला हत्ती पाहिला आणि पलीकडची काठी पाहिली. मग त्याने तोंड उघडलं. चार महिन्यांचा गंजलेला गळा, आधी बेडकाएवढा आवाज आला. त्याने छाती भरून घेतली आणि हाक दिली, "पुन्नक, थांब! साकव नाही."

ओढ्याचा आवाज त्या हाकेखाली दबला. पुन्नकाची काठी पुढे हवेत गेली आणि पाय मागेच राहिला. तो उभा राहून कान टवकारून म्हणाला, "भद्रका, तूच का रे? तू तर मेलास ना?"

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? तुझा आवाज बंद झाला, सोमाबाई दवंडी द्यायला लागली. मी समजलो. विचारून तिला कशाला रडवायचं? तुझ्या नावाने एक दिवस उपाशीही राहिलो. तो उपास फुकट गेला की रे."

घाटावर कुणीतरी फिसकन हसलं. मग एकेकाचं मौन फुटलं आणि सूर्य अजून वर असतानाच सगळं गाव हसत होतं. एकटा सुदंतशेठ ओठ मिटून उभा होता.

शंख वाजला. वरच्या अंगाला पाणी संथ होतं, तिथून राजाने नावाड्यांकडून पुन्नकाला अलीकडे आणवलं. सुदंतशेठ पहिल्यांदा बोलला, "महाराज, भद्रकाने व्रत मोडलं. मी पाळलं."

राजाने भद्रकाला विचारलं, "तुझं म्हणणं काय?"

भद्रक म्हणाला, "शेठ खरं बोलतात. हत्ती त्यांचा." आणि त्याने एवढंच म्हटलं:

जिभेला कुलूप खुशाल, किल्ली ठेवा हाती;
वेळेला न उघडे दार, त्या घराची माती.

पुन्नक मध्येच म्हणाला, "घाटावर पुष्कळ माणसं होती का?"

"सगळं गाव होतं," राजा म्हणाला.

"असेल. मला एकच भेटला."

पण राजाचा शब्द दिलेला होता, सुदंतशेठ हत्तीवर चढला. भद्रक नेहमीच्या जागी पुढे झाला आणि ओरडला, "बाजू द्या, बाजू द्या." हत्ती जेमतेम हलला असेल, तोच शेठ वरून म्हणाला, "थांबवा. त्या पुन्नकाला वर घ्या."

पुन्नकाला वर चढवलं. बसल्या बसल्या त्याने विचारलं, "शेठ, काय दिसतंय?" शेठ सांगू लागला. कुणाच्या छपरावर भोपळे धरलेत, कुणाच्या अंगणात लाल लुगडं वाळतंय, कुठली म्हातारी दिवा घेऊन दारात आली आहे. पुन्नक विचारी, "आणि आता?" शेठ पुन्हा सांगे. गावाचा फेरा संपेपर्यंत चार महिन्यांचं बोलणं त्याने बोलून टाकलं. खाली भद्रक कान देऊन चालत होता. वरून गाव कसं दिसतं, ते त्यालाही कळलं.

घरी आल्यावर सोमा म्हणाली, "अहो, आता उद्यापासून ढोल तुमचा." आणि ती आडवी होऊन झोपली.

पुढे बुद्धांच्या काळी जेतवन विहारात एक भिक्खू मौनात होता. शेजारच्या आजाऱ्याने पाण्याचा घडा कुठे आहे म्हणून विचारलं, तरी तो बोलला नाही. त्याला समोर बसवून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही गोष्ट सांगितली. शेवटी ते म्हणाले, "तेव्हाचा सुदंतशेठ म्हणजे तूच. राजा सुतेज म्हणजे आनंद. पुन्नक म्हणजे आपल्या विहारातला आंधळा वृद्ध भिक्खू, सोमा म्हणजे राहुलमाता आणि दवंडीवाला मी होतो." तो भिक्खू उठला आणि आजाऱ्याला पाणी द्यायला गेला.

व्रत देवळात घेता येतं, पाळावं लागतं ओढ्याच्या काठावर. असं व्रत पाळण्याचं नाव करुणा.