तानाक्काचा ऊर

आमच्या गावातली चिंच एका माणसाच्या कवेत मावत होती, तेव्हाची ही गोष्ट. आज चौघांनी हात धरले तरी ती कवेत येत नाही, यावरून काय तो काळ ताडा.

त्या चिंचेपायी गावाला नावं दोन. मराठी बोलणारे चिंचोळ म्हणतात, कानडी बोलणारे हुणसोळ. झाड तेच, आंबटपणाही तोच. घराघरांत दोन्ही भाषा अशा मिसळलेल्या, की नवरा मराठीत चिडायचा आणि बायको त्याला कानडीत गप्प करायची. भाषेवाचून कुणाचं भांडण कधी अडलं नाही.

या गावात तानाक्का नावाची सुईण होती. माहेर घाटावरचं, पक्कं मराठी. लग्न होऊन इकडे आली आणि तानूबाईची तानाक्का झाली. तिच्या हाताला असं यश, की नुसती तिची चाहूल लागली तरी अडलेली बाई मोकळी व्हायची, असं म्हणतात. बाळ येताना ती एकच म्हणायची, "बा, बा." कानडीत बा म्हणजे ये. मराठी बाया म्हणायच्या, छे, ती लाडानं बाळाला बा म्हणते. बाळांचं काय, ती दोन्ही भाषांत यायची.

मग एका जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून पूर्वेचा देसाई आणि पश्चिमेचा जहागीरदार यांची जुंपली. दोघांनी गावावर रेघ ओढली आणि ती नेमकी चिंचेखालून गेली. देसायानं रेघेवर चौकी बसवली आणि दवंडी पिटली, की पश्चिमेच्या माणसानं इकडे पाय टाकला तर तो पाय तोडला जाईल. मोठ्यांचं भांडण आणि गरिबांचं मरण, दुसरं काय!

तानाक्काचं घर पश्चिमेला. शाळूची सुगी चालू होती, ऊन कलत आलं होतं, आणि रेघेपलीकडून विणकराच्या सुनेच्या, मल्लव्वाच्या किंकाळ्या ऐकू येऊ लागल्या. पोर सकाळपासून अडली होती. तिची सासू रेघेपाशी येऊन ओरडली, "अक्का, बाळ आडवं आलंय गं! दोन्ही जीव जातील!"

तानाक्का तेव्हा म्हातारी झालेली. लेकानं दारात वाट अडवली. "आई, पाय तोडतील."

"तोडू देत. बाळंतपण हातानं करतात," तानाक्का म्हणाली आणि पळत सुटली.

चौकीवर ईरप्पा नावाचा शिपाई होता. दूर दक्षिणेकडचा गडी, मराठीचं अक्षर येत नव्हतं. त्यानं भाला आडवा धरला आणि विचारलं, "ऊर यावुद?"

म्हणजे, गाव कुठलं? आता कानडीत ऊर म्हणजे गाव, हे तानाक्काला ठाऊक नव्हतं होय? चांगलं ठाऊक होतं. हसू नका. धाप लागलेल्या माणसाला आधी आईची भाषा ऐकू येते. आणि मराठीत ऊर म्हणजे छाती! तिला वाटलं, म्हातारी धापा टाकतेय म्हणून पोरगा काळजीनं विचारतोय. तिनं छातीवर हात ठेवला. "हा काय बाबा ऊर. फुटायला आलाय. सोड मला."

ईरप्पाला काही कळेना. तो आणखी जोरात म्हणाला, "ऊर?" तशी तानाक्कानं त्याचा हात धरला आणि सरळ आपल्या उरावर ठेवला. "बघ की!"

असं म्हणतात, की त्या हाताखाली एकट्या म्हातारीचं काळीज धडधडत नव्हतं. ईरप्पाला त्यात जात्यांची घरघर ऐकू आली, मागांची खटखट ऐकू आली, आणि तिनं आजवर जगात आणलेल्या सगळ्या पोरांचं पहिलं रडणं ऐकू आलं, अलीकडच्यांचं आणि पलीकडच्यांचंही. वारा नसताना चिंच सळसळली. आडवा भाला आपोआप उभा झाला.

"होग यव्वा," ईरप्पा म्हणाला. जा, आई.

दिवेलागणीच्या आत मल्लव्वाला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

पण बातमी वाड्यावर पोचायची ती पोचलीच. सकाळी देसाई स्वतः घोड्यावरून आला. ईरप्पाला चिंचेला बांधलं. रेघेच्या दोन्ही अंगांना गाव गोळा झालं.

"कुठल्या गावची बाई सोडलीस?" देसायानं विचारलं.

"तिनं ऊर दाखवला धनी. मी सोडली."

"आणि तुझा ऊर कुठला रे?"

ईरप्पाचे हात तर बांधलेले. त्यानं मान खाली घातली आणि हनुवटी छातीला टेकवली.

मल्लव्वाच्या सासूला हुंदका आवरला नाही. तिनं आपला हात उरावर ठेवला. मग तानाक्काच्या लेकानं ठेवला. मग अलीकडे, पलीकडे, जो तो उरावर हात ठेवून उभा. देसायाचा घोडा म्हणे पुढं पाऊलच टाकीना. शेवटी देसायानं ईरप्पाला सोडायला लावलं आणि घोडा वळवला. इतक्यांचे पाय तोडले तर शेतं कसणार कोण, हेही त्याच्या ध्यानात आलं असेल. मोठा असला म्हणून माणसाला व्यवहार सुटतो थोडाच! त्या दिवशी चौकी उठली ती कायमची.

ईरप्पा इथंच राहिला, मराठी शिकला. पुढं तानाक्का अंथरुणाला खिळली तेव्हा त्यानं तिच्या कानाशी वाकून विचारलं, "यव्वा, खरं सांग. तेव्हा मी गाव विचारत होतो, हे तुला कळलंच नव्हतं?"

"नव्हतं रे," तानाक्का म्हणाली. "आत्ता कळलं." आणि उरावर हात ठेवून तिनं डोळे मिटले.

तेव्हापासून आमच्याकडे बारशाआधी बाळाला चिंचेखाली आणतात. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई विचारते, "ऊर यावुद?" आणि बाळाची इवली मूठ त्याच्याच छातीवर ठेवतात. नव्या सुनेलाही विचारतात. परगावी पोटापाण्याला निघालेल्यालाही विचारतात, आणि तो भल्या माणसासारखा हात उरावर ठेवतो, मग डोळे पुसतो.

आणि कुणी गेलं, तर तिरडी उचलण्याआधी त्याचा हात आपण उरावर ठेवायचा. वर गेल्यावर कुणी विचारलंच, तर उत्तर तयार असावं.