लांब गळ्याचा रांजण

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाची मडकी फुटून माती झाली आणि त्या मातीची आता पुन्हा मडकी झाली असतील.

एका नदीकाठी कुंभारांचं गाव होतं. घरटी एक चाक, घरटी एक गाढव. दसऱ्याला चाकाची पूजा झाली की हंगाम सुरू व्हायचा. मडकी घडवायची, वाळवायची आणि आव्यात, म्हणजे भाजायच्या भट्टीत, रचायची. आवा साधला तर घरात दिवाळी. आवा फसला तर सगळी मेहनत खापऱ्या होऊन बाहेर यायची आणि त्या घरची चूल थंड पडायची.

माणसं भाविक होती, भली होती. पण एक खोड होती. वाईट म्हणून तोंडातून काढायचं नाही. "वास्तू तथास्तु म्हणते हो," असं आजीपासून नातीपर्यंत सगळ्या एकमेकींना बजावत.

दर दसऱ्याला गावची बैठक बसे. गावातले सर्वांत वडीलधारे ते आबा. ते विचारत, "यंदा अडीनडीसाठी चार दाणे बाजूला काढून ठेवायचे का?"

लगेच सगळे कानांवर हात ठेवत. "अडनड कशाला येईल? सणासुदीचं शुभ बोला, आबा!"

मग आबा शुभ बोलत, आणि मंडळी गूळखोबरं खाऊन घरी जात.

पुढे कोणाचा तरी आवा फसायचाच. मग त्या घरच्या बाईने दारोदार पदर पसरायचा. जिचं बोलणं गोड, तिच्या पदरात जोंधळे पडत. जिचं शेजारणीशी वाकडं, तिच्या पदरात उपदेश पडे. आणि उपदेशाची भाकरी काही थापता येत नाही.

याच गावात एक कुंभारीण राहत होती. तिच्या जिभेवर काळा तीळ होता. झालं! गावाने ठरवून टाकलं, ही काळ्या जिभेची, बोलेल ते खरं होतं.

खरं म्हणाल तर तिला दिसायचं, आणि दिसलं की तिच्याने गप्प बसवायचं नाही. "काकू, पदर आवरा, चुलीत जाईल," असं तिने म्हणायला आणि पदराने पेट घ्यायला एकच गाठ पडे. "भाऊजी, त्या गाढवाच्या मागे उभे राहू नका हं." भाऊजी हट्टाने उभे राहत, आणि मग आठवडाभर उभेच राहत, कारण बसवत नसे.

म्हणून गावात एक रीत पडली. कोणी आवा पेटवायला घेतला की घरची बाई आधी हिच्या तोंडात गुळाचा मोठा खडा कोंबायची. तोंड भरलेलं असलं म्हणजे बोलणार कशी? कुंभारणीला गूळ फार आवडायचा. ती प्रत्येक आव्याला वेळेआधीच हजर राहू लागली.

एकदा आबांच्या घरचा आवा लागणार होता. नेमका त्या दिवशी गूळ लवकर विरघळला. कुंभारणीने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आबा, खालच्या गोवऱ्या ओलसर दिसतात. धग लागायची नाही. फसेल आवा."

आबांचा चेहरा उतरला. सुनांनी कपाळाला हात लावला. आवा पेटवला, आणि आवा फसला.

चिंचेखाली बैठक बसली. आबा म्हणाले, "सूनबाई, मनाने तू वाईट नाहीस. पण तुझ्या जिभेपायी गावाचं वाटोळं होतंय. तू हे गाव सोड."

कुंभारणीचा नवरा मुखदुर्बळ माणूस. तो उठला, खाकरला आणि म्हणाला, "हिच्याबरोबर मीपण जाईन. फक्त चाक जड आहे. न्यायला चौघं द्या."

एवढंच बोलून तो खाली बसला. पण कुंभारणीला भरून आलं. सासूने लावलेली तुळस, परसातलं अळू, सारवून सारवून गुळगुळीत झालेली ओटी, सगळं सोडून जायचं? आणि कशासाठी, तर दिसलं ते बोलले म्हणून?

तिने देवाचं नाव घेतलं आणि म्हणाली, "आबा, जाईन. पण आधी माझं परस तरी बघा."

सगळं गाव तिच्या परसात गेलं. अळवाच्या वाफ्याला खापऱ्यांच्या ओळी लावलेल्या होत्या. लोकांना वाटायचं, हौस असेल.

"कोणाचा आवा फसला की आम्ही समाचाराला जातो, आणि येताना तिथली एक खापरी घेऊन येतो. ही रीत माझ्या सासूबाईंची. एका हंगामाची एक ओळ. बघा बरं नीट."

आबांनी वाकून पाहिलं. ओळीमागे ओळी होत्या, आणि सगळ्या जवळपास सारख्या लांबीच्या. एखादी चार बोटं आखूड, एखादी चार बोटं लांब, एवढाच काय तो फरक.

"त्या वरच्या ओळी सासूबाईंच्या वेळच्या," कुंभारीण म्हणाली. "तेव्हा मी या गावात आलेच नव्हते, आबा. मी माहेरी भातुकली खेळत होते. माझी जीभ नव्हती, तरी ओळ एवढीच भरत होती. यंदाही साधारण एवढीच भरेल."

"अगाई!" म्हणत सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. पण आबांनी एका कानावरचं एक बोट हळूच उचललं आणि विचारलं, "कोणाचे गं फसतील?"

"ते मला नाही माहीत."

"मग कोणाला माहीत?"

"देवाला."

"मग तुला काय माहीत?"

"किती, ते."

"किती ते माहीत आणि कोणाचे ते माहीत नाही? हे कसलं अर्धवट ज्ञान म्हणायचं!"

"अर्ध्यावर भागतं, आबा. पंगतीत कोण किती लाडू खाणार हे तुम्हाला कुठे ठाऊक असतं? तरी शंभर पानांना लाडू किती वळायचे, हे बरोबर ठाऊक असतं ना?"

आबांना लाडू पटकन कळत. ते विचारात पडले.

कुंभारीण हात जोडून म्हणाली, "मी मौन धरते. आजपासून हंगाम सरेपर्यंत एक शब्द काढणार नाही, काढला तर गाव सोडीन. पण त्याआधी मी एक रांजण घडवीन. जो जो आवा लावेल त्याच्या नावाचे जोंधळे आधीच त्यात पडू देत. ज्याचा आवा फसेल त्याने रांजणातून दोन पायल्या न्याव्या, पदर पसरायला नको. हंगाम सरायच्या आत रांजण आटला, तर मी गाव सोडीन. अर्धा भरलेला राहिला, तरी सोडीन."

मग जी काय हुज्जत झाली म्हणता!

"माझा आवा कधीच फसत नाही. मी कशाला घालू?" एक म्हणाला.

"आजवर फसला नाही, हे देवाचं देणं. उद्याचं देवाने लिहून दिलंय का?"

"माझा एकच आवा, आणि या दादाचे हंगामात चार. मग दोघांना सारखंच?" दुसऱ्याने विचारलं.

"सारखं कसं? दर आव्यामागे माप. ज्याचे आवे जास्त, त्याची मापं जास्त. आणि ज्याचा आवा टेकाडावर उघड्या वाऱ्यात, त्याने मूठभर वरती."

टेकाडावरचा कुंभार उसळला, "का म्हणून?"

"वारा तुमच्या ओळखीचा म्हणून. तुम्हालाच जास्त भेटायला येतो."

सगळे हसले. तोही हसला आणि मूठभर वरती घालायला कबूल झाला.

कुंभारणीने रांजण घडवला. पोट ओळींच्या अंदाजाने बेतलेलं. पण त्यावर तिने एवढा लांब गळा चढवला, की बघणाऱ्याला रांजण मान उंच करून वाट बघतोय असं वाटावं.

"हा गळा कशाला?" आबांनी विचारलं. "पोटात मावतंय की सगळं."

"पोट नेहमीच्या वर्षासाठी, आबा. गळा अवचित वर्षासाठी." एवढं बोलून तिने देवापुढे दिवा लावला आणि मौन धरलं.

घरोघरचे जोंधळे आले. रांजण गळ्याच्या काठापर्यंत भरला.

तिच्या नवऱ्याने पहिला आठवडा फार आनंदात काढला. दुसऱ्या आठवड्यात त्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं. तिसऱ्या आठवड्यात तो गाढवाशी बोलू लागला. "बोल रे काहीतरी," तो गाढवाला म्हणे, "निदान माझं पागोटं वाकडं आहे एवढं तरी सांग."

नवल असं, की सुरुवातीला एकही आवा फसला नाही. गाव आनंदलं. "बघा, जीभ बंद, पीडा बंद!" आणि एका सणाला दहाबारा जण पाट्या घेऊन रांजणाकडे निघाले. "एवढे जोंधळे नुसते पडून आहेत. फसतंय कोणाचं? काढा, गावजेवण घालू!"

कुंभारीण बोलू शकत नव्हती. ती काय करते? झाकणावर जाऊन मांडी घालून बसली. हातात लाटणं. डोळे मिटले आणि मनातल्या मनात जप सुरू केला. मंडळी थोडा वेळ रेंगाळली. लाटण्याकडे पाहिलं, जपाकडे पाहिलं, आणि दोन्हींना भिऊन परत गेली.

मग फाल्गुन सरला आणि वारं फिरलं. एकाचा आवा फसला. मग दुसऱ्याचा. ज्याचा कधीच फसत नव्हता, त्याचाही फसला. तो मान खाली घालून रांजणापाशी आला, आणि कुंभारणीने त्याचं माप जरा शिगेने भरलं.

गावाची मात्र पंचाईत झाली. आता दोष द्यायचा कोणाला? एक आजी म्हणाली, "डोळ्यांनी बोलत असेल ती." तेव्हापासून आव्यापाशी जाताना कुंभारीण पदर नाकापर्यंत ओढून घेऊ लागली. दोनदा ती चिंचेवर आपटली, तरी आवे फसायचे ते फसतच राहिले.

त्या वर्षी वळवाने कधी नाही असा धुमाकूळ घातला. एका बैलाने तर पळत जाऊन पेटता आवाच तुडवला. असं कोणाच्या आज्यानेही पाहिलं नव्हतं. रांजणाचं पोट झपाट्याने रिकामं होत गेलं. हंगाम सरायला थोडे दिवस उरले, आणि गावात एकच आवा लागायचा राहिला. तो कुंभारणीच्या घरचा.

नवरा आवा रचत होता. कुंभारीण जवळ गेली आणि तिने वाकून पाहिलं. रात्रीच्या सरीने खालच्या गोवऱ्या ओल्या झाल्या होत्या, आणि वर मडकी रचून झाल्यामुळे आता ओढून काढताही येत नव्हत्या.

बोलावं तर मौन मोडतं, गाव सुटतं. न बोलावं तर आवा फसतो, आणि रांजणात पुरेसं नसलं तर तरीही गाव सुटतं.

तिने खुणा केल्या. गोवऱ्यांकडे बोट दाखवलं, बोटं झटकली, नाक मुरडलं. नवरा घाबरून दोन हात मागे उडाला. "विंचू? कुठे आहे?" तिने मान हलवली, ओचा पिळून दाखवला. "तुला आंघोळीला जायचंय? जा की मग." ती कपाळावर हात मारून खाली बसली. देवा, आता तूच बघ!

नवऱ्याने विंचू नाही याची खात्री केली आणि आवा पेटवला.

आवा फसला.

सगळं गाव धावलं. आबा खापऱ्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ही तर गप्प होती! आणि घर तिचंच. हिच्यामुळे आवे फसत असते, तर हिने स्वतःचा आवा कसा फसू दिला असता?"

नवऱ्याने एक ओली गोवरी उचलली, बोटांनी दाबली आणि बायकोकडे पाहिलं. "अगं," तो हळूच म्हणाला, "तू हे सांगत होतीस होय?"

आबांना आपल्या ओल्या गोवऱ्या आठवल्या. त्या दिवशी तिने सांगितलं होतं. ऐकलं असतं तर?

"पण रांजण?" कोणीतरी म्हणालं. शब्द तो शब्द.

मंडळी रांजणाकडे गेली. आबा मापाची पायली घेऊन पाटावर चढले, वाकले, आणखी वाकले. लांब गळ्यातून डोकं गेलं, खांदे गेले, आणि शेवटी पाय तेवढे बाहेर राहिले. आतून घुमणारा आवाज आला, "एक पायली... थांबा... दुसरी भरतेय... भरली! दोन पायल्या भरल्या रे! खाली फक्त मूठभर उरलेत!"

ओढून काढलं तर आबा डोक्यापासून मिशांपर्यंत जोंधळ्याच्या भुश्शाने पांढरे झालेले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत पाणी होतं. "गळा नसता," ते म्हणाले, "तर तुझ्या घरी आज चूल पेटली नसती, सूनबाई. हंगाम सरला. सोड मौन. आणि तुझं म्हणणं सगळं गाव आता हात जोडून ऐकतंय. बोल, पहिला शब्द काय बोलतेस?"

कुंभारणीने आबांच्या नाकाकडे पाहिलं.

"शिंक येईल, आबा."

आणि आबा एवढ्या जोराने शिंकले, की चिंचेवरचे कावळे उडाले. गाव पोट धरधरून हसलं. तिच्या नवऱ्याने पागोटं मुद्दाम वाकडं केलं आणि तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

पुढच्या दसऱ्यापासून बैठकीत आधी कुंभारणीला गुळाचा खडा मिळू लागला. पण तो तोंड बंद करायला नाही, तोंड उघडायला. तो चघळून संपला की आबा विचारत, "यंदा रांजण केवढा?" ती खापऱ्यांच्या ओळी बघून सांगे. आणि कोणी म्हणालं, "गळा थोडा आखूड केला तर?" की आबा स्वतःच नाक चोळत म्हणत, "गळ्याला हात लावायचा नाही."

त्या गावात पुन्हा कोणी पदर पसरला नाही. वास्तू अजूनही तथास्तु म्हणत असेल. पण आता ती रांजणाकडे बघून म्हणत असेल, असं आपलं मला वाटतं. त्या कुंभारणीचा रांजण जसा वेळेला पुरला, तसा तुमच्याआमच्या घरचाही पुरो.

तात्पर्य: संकट कोणाच्या दारी येईल हे देव जाणे, पण ते कोणाच्या तरी दारी येणारच हे ओळखून सगळ्यांनी मिळून वेळीच मूठ बाजूला काढावी.