तहानेची चिठ्ठी

"तिला निलंबित कशासाठी करतोयस?"

डॉ. वरखेडे पाया पडायला वाकले होते. प्रश्न त्यांच्या डोक्यावरून आला. आशीर्वाद आलाच नाही.

ते सरळ झाले. वरखेडे विभागाचे आरोग्य उपसंचालक. लवकरच राज्याचे संचालक होणार, अशी बातमी पेपरात येऊन गेली होती. समोर ओट्यावरच्या खाटेवर बसलेले डॉ. शिरसाळे निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. सरकारी नोकरीत नव्याने लागलेल्या डॉक्टरांना ते शिकवत. वरखेडे त्यांच्या हाताखालून गेले होते. ज्या मुलीबद्दल ते आता विचारत होते, ती डॉ. ललिता वळवीही.

"तुम्हाला कुणी सांगितलं, सर?"

"बाई मेली हे बाजारात माहीत आहे. मला नसेल?"

वरखेडे ओट्याच्या कडेला टेकले. पाइपलाइनसाठी गल्ली खोदलेली होती, म्हणून गाडी चौकात सोडून ते उन्हातून चालत आले होते. रुमालाने मान पुसत ते म्हणाले,

"नियम सरळ आहे. बाई जोखमीची असली की प्राथमिक केंद्राने हात लावायचा नाही. पुढे पाठवायचं. ही बाई अंगात रक्त नसलेली, कळा देत आली. वळवीने हात लावला."

"कसा?"

"म्हणजे?"

"हात कसा लावला, ते विचारतोय."



"मूल झाल्यावर रक्त थांबेना. तिने मूठ आत घालून गर्भपिशवी दाबून धरली. नर्स सांगते, हात बधिर झाला तरी काढला नाही."

"मूल?"

"आहे. मुलगी."

"केंद्राची गाडी?"

"दुसऱ्या खेपेला गेली होती."

"रक्त?"

"जिल्ह्याला."

"मग बाईला पाठवायचं कशातून होतं?"

"निदान..." वरखेडे अडखळले. "निदान कागदावर तरी पाठवायला हवं होतं."

 शिरसाळे खाटेची सैल झालेली सुतळी बोटाने पिळत राहिले.



"मी जिल्ह्याला होतो तेव्हाचं बघा, सर. माझ्या एकाही केंद्रात बाळंतीण दगावली नाही. दिल्लीत सत्कार झाला. तो कशामुळे? शिस्तीमुळे."

"पुढे पाठवण्याच्या."

"वेळेवर पाठवण्याच्या."

"आणि रस्त्यात?"

"रस्ता आपल्या खात्याकडे नसतो."

"खरं आहे. बांधकाम खात्याकडे असतो," शिरसाळे म्हणाले. "बाया त्यांच्या खात्यात मेल्या."

वरखेड्यांचे कान लाल झाले.

"खाटेवर बसून बोलायला सोपं आहे, सर. पेपरवाले रोज फोन करतात. वरून विचारणा होते. कुणाचं तरी नाव द्यावंच लागतं."

"तिचं दिलंस."

"हात तिने लावला."

त्यांनी बॅगेवर थोपटलं. आदेश आत होता, टाइप झालेला. सही तेवढी राहिली होती. ती झाली की वळवी संध्याकाळी घरी बसणार होती, आणि पुढे कुठल्याही केंद्रातला डॉक्टर अशा बाईला हात लावताना दहादा विचार करणार होता. हे दोघांनाही ठाऊक होतं.

बोलून बोलून वरखेड्यांच्या घशाला कोरड पडली.

"जरा पाणी मिळेल का, सर?"

माठ खाटेला लागूनच होता. ओल्या फडक्यात गुंडाळलेला, झाकणीवर तांब्या पालथा.

"इथे सोय नाही, साहेब."

वरखेडे हसले. मग हसायचे थांबले. सर त्यांना आजवर कधी साहेब म्हणाले नव्हते.

"माठ तर समोर आहे."

"आहे. पण आपण मोठे अधिकारी. आपल्याला यंत्रातलं लागणार. ते पुढे चौकात, हॉटेलात."

"मी चौकातूनच आलोय."

"मी चिठ्ठी देतो ना."

आणि त्यांनी खरोखरच उशाजवळच्या औषधाच्या खोक्याचा तुकडा फाडला. गुडघ्यावर ठेवून, अक्षर नीट काढत लिहिलं. खाली सही केली, वेळ टाकली, आणि तुकडा वरखेड्यांच्या हातात दिला.

'तहान. स्थिती स्थिर. सोय नसल्याने पुढे पाठवत आहे.'

वरखेड्यांनी ते वाचलं. असे शब्द त्यांनी नोकरीत इतके वाचले होते की डोळे त्यांच्यावरून आपोआप घसरले. मग परत आले.

"ही थट्टा आहे का, सर?"

"वेळेवर पाठवतोय."

"मी उन्हातून तुमच्याकडे आलो..."

"सगळे उन्हातूनच येतात, साहेब."

वरखेडे उठले. त्यांनी माठाकडे हात नेला. शिरसाळ्यांनी आपला तळहात तांब्यावर ठेवला.

"ठसका लागला तर? माझ्या ओट्यावर? उद्या माझं नाव होईल. चौकात लागला तर माझं काही जात नाही."

"सोडा."

"नियम..."

"सोडा म्हणतो ना."

म्हाताऱ्या हातात फारसा जोर नव्हता. वरखेड्यांनी तांब्या ओढून घेतला, माठात बुडवला आणि उभ्याउभ्याच तोंडाला लावला. रागात. घटाघट.

ठसका लागला.

साधा नव्हे. तांब्या हातातून सुटला आणि पायरीवरून खाली चरात गेला. वरखेडे खांबाला धरून वाकले. चेहरा काळानिळा, श्वास आत जाईना.

शिरसाळ्यांना एरवी खाटेवरून उठायला बराच वेळ लागे. तेव्हा लागला नाही. एक हात त्यांनी वरखेड्यांच्या छातीखाली घातला, दुसऱ्याने पाठीवर जोरात थापट्या मारल्या.

"वाक अजून. बोलू नकोस. मी धरलंय तुला. खोक... खोक."

पाणी निघालं. श्वास परत आला, आधी शीळ घातल्यासारखा, मग नीट.

वरखेडे खाटेच्या कडेवर बसले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्यांनी पुसलं नाही. चिठ्ठी पायाशी पडून भिजली होती.



शिरसाळ्यांचा एक हात अजून त्यांच्या पाठीवरच होता. दुसऱ्या हाताने त्यांनी पेन उचललं आणि त्यांच्यापुढे धरलं.

"काढ तो आदेश. वळवीच्या खाली माझं नाव लिही. मीही हात लावला."