पारडीच्या वाट्याचं दूध

डोंगराच्या पायथ्याशी एक लहानसं गाव होतं. त्या गावाच्या अगदी शेवटच्या घरात साळू नावाची एक विधवा आपल्या म्हाताऱ्या सासऱ्याबरोबर राहायची. घरात माणसं दोन, आणि गोठ्यात एक म्हैस. म्हैस नुकतीच व्यायली होती. तिची काळी कुळकुळीत पारडी दिवसभर अंगणात हुंदडायची.

साळूच्या हाताला चव होती. ताक घुसळून निघालेला लोण्याचा गोळा ती तीनदा गार पाण्यात धुवायची. मग त्यात बारीक किसलेला पिवळा गूळ, वेलची आणि नखभर जायफळ घालून तळहाताने फेसत बसायची. लोणी असं हलकं व्हायचं, की गरम भाकरीवर ठेवताच पापुद्र्यात शिरायचं. खाणारा दोन घास जास्तच खायचा.

पण खायला येणार कोण? विधवेला ना हळदीकुंकवाचं बोलावणं, ना बारशाचं. गावात तिला नावाने हाक मारणारंही कुणी नव्हतं. कुणी 'शेवटच्या घरातली' म्हणे, कुणी 'म्हाताऱ्याची सून'. साळू बोलून दाखवत नसे, पण ते तिच्या मनाला लागायचं.

एकदा शेजारच्या मोठ्या गावची पाटलीण त्या वाटेने चालली होती. साळूच्या दारासमोरच तिच्या बैलगाडीचं चाक निखळलं. चाक बसेपर्यंत साळूने तिला ओसरीवर बसवलं, भाकरी आणि गोड लोणी वाढलं. पाटलिणीने बोटंसुद्धा चाटली.

"तुझं नाव काय गं?" तिने विचारलं.

"साळू."

"साळू, पुढच्या आठवड्यात माझ्या लेकीचं लग्न आहे. सोहळा आठ दिवस चालेल. रोज सकाळच्या न्याहारीला मला हे लोणी हवं, एक मोठं मडकं भरून. जमेल? शेवटच्या दिवशी तुला भर मांडवात उभी करीन आणि साऱ्यांना सांगेन, हे साळूचं लोणी!"

 मागचापुढचा विचार न करता साळू म्हणाली, "जमेल की!"

गाडी गेली आणि तिला हिशोब कळला. मडकं मोठं होतं आणि म्हैस एकच. शिवाय घराची रीत होती, दोन सड पारडीचे, दोन माणसांचे. त्यात निघणाऱ्या लोण्याने अर्धं मडकंही भरलं नसतं.

सोहळा सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी तिने पारडीला पान्हा फुटेपुरतं पाजलं आणि ओढून खुंट्याला बांधलं. मग तिसरा सडही पिळून घेतला.

सासरा बाजेवरून बघत होता. "सूनबाई, तो सड पारडीचा."

"आठच दिवस, मामंजी. तिला पेज पाजते की मी."

दुसऱ्या दिवशी चौथा सडही गेला. साळू पारडीपुढे पेज ठेवायची, उरलेलं ताक ठेवायची. पारडी त्यात नाक बुडवायची आणि आईकडे मान वळवून ओरडायची. चौथ्या दिवशी तिला हगवण लागली. पाचव्या दिवशी ती उठेना.

"पोरी, अजून वेळ गेली नाही," म्हातारा काकुळतीला आला. "सोड तिला आईजवळ. लोण्यावाचून कुणाचं लग्न मोडत नाही."

साळूने पारडीच्या पाठीवरून हात फिरवला. बोटांना बरगड्या लागल्या. दावं सोडायला ती वाकलीसुद्धा. तेवढ्यात मडकं न्यायला आलेली पाटलिणीची बाई दारातून म्हणाली, "साळूबाई, मांडवात सगळे तुमचंच नाव घेतायत हो!"

साळूने दावं तसंच ठेवलं. "तीनच दिवस राहिले," ती पारडीला म्हणाली.

सातव्या दिवशी सकाळी पारडी खुंट्यापाशी मरून पडली होती.

म्हशीने हंबरडा फोडला. कासेला हात लावू देईना. त्या दिवसाचं लोणी आदल्या रात्री लावलेल्या दह्याचं झालं. पण उद्याचं, शेवटच्या दिवसाचं कसं व्हायचं? मडकं न्यायला आलेली बाई म्हणाली, "त्यात काय! पारडीच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे उभं करा. वास ओळखून पान्हा सोडते. मी माणूस पाठवते."

"असलं पाप या गोठ्यात नको," सासरा म्हणाला.

 साळू खाली बघत म्हणाली, "पाठवा."

संध्याकाळी पेंढ्याची पारडी म्हशीपुढे उभी राहिली. म्हशीने ती हुंगली, आधी लांबून, मग अगदी जवळून. आणि चाटू लागली. कान, कपाळ, पाठ. पान्हा फुटला. साळू खाली बसून धारा काढत होती. चरवी भरत होती, आणि वर तो चाटण्याचा खरखर आवाज थांबतच नव्हता.

आठव्या दिवशी ती स्वतः मडकं घेऊन लग्नघरी गेली. पंगत बसली होती. पानापानात लोणी वाढलं गेलं. पाटलीण शब्दाला जागली. तिने साळूचा हात धरून तिला मधोमध उभं केलं. "हे साळूचं लोणी!" शंभर माणसांनी मान वर करून पाहिलं. जो तो वाहवा करत होता.

पंगतीतल्या एका म्हातारीने कौतुकाने विचारलं, "एवढं दूध म्हणजे म्हैस गुणाची आहे गं! काय झालं तिला, रेडा का पारडी?"

"पारडी," साळू म्हणाली.

"मग पारडीही गुटगुटीत असेल!"

 कुणीतरी साळूच्या हातात भाकरी आणि लोणी दिलं. तिने घास तोंडात घातला, पण तो गिळवेना. पदरात थुंकून ती मांडवाबाहेर पडली.

घरी आली तर सासरा गोठ्यात भुईवर बसला होता. चाटून चाटून कातड्याची शिवण उसवली होती. पेंढा खाली सांडला होता. वैरणीवर तुटून पडणारी म्हैस, पण त्या पेंढ्याच्या एका काडीलाही तिने तोंड लावलं नव्हतं. ती नुसती त्याच्याकडे बघत उभी होती.

त्यानंतर म्हशीने पान्हा सोडला नाही. साळूने गोंजारलं, सरकी घातली, तिच्या गळ्यात पडून रडली. म्हैस आटली ती आटलीच. पुढे ती गाभणही राहिली नाही. सासऱ्याने रागाचा एक शब्द काढला नाही, पण साळूला 'पोरी' म्हणणंही सोडलं.

आता लोक लांबून लांबून दारी यायचे आणि तिला नावाने हाक मारायचे. "साळूबाई, ते गोड लोणी कराल का?"

साळू दार अर्धंच उघडायची. "म्हैस आटली," एवढंच सांगायची आणि दार लावून घ्यायची.

तात्पर्य: मुक्या लेकराच्या तोंडचं काढून मिळवलेल्या मोठेपणाचा घास जगाला कितीही गोड लागो, मिळवणाऱ्याच्या घशाखाली उतरत नाही.